गुप्त पान

"पिशवी बाहेर ठेवा. आणि हात दाखवा."

हात दाखवा, हे सुमेधाबाई सगळ्यांनाच म्हणत. हळद, तेल, उसाचा चिकटा, काहीही दिसलं की आधी बाहेरचा नळ आणि मग पुस्तक. पण दारात उभ्या असलेल्या म्हातारीला हे नवीन होतं. तिने पिशवी पायरीवर ठेवली, दोन्ही तळहात पुढे केले आणि कुणी न सांगता ते उलटे करूनही दाखवले.

"काय पाहिजे?"

"ते पोरींच्या खेळाचं पुस्तक हाय ना, फोटूचं. त्ये बघायचंय."

सुमेधाबाईंचं पेन थांबलं. "वाचता येतं?"

"न्हाई."

"मग पुस्तक कशाला?"

"बघायचंय फक्त. हितंच बसून बघते. घरी न्हाई न्यायचं."

मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी होतो. निवृत्त झाल्यापासून दुपारचा माझा मुक्काम तिथेच असतो, आणि खरं सांगायचं तर बातम्यांपेक्षा सुमेधाबाईंचा कारभार पाहण्यात माझा वेळ बरा जातो. आमच्या नेवाशाच्या त्या छोट्या वाचनालयात सगळ्या सभासदांना भरपूर आणि विनामूल्य मिळणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बाईंचा संशय. कपाटं कुलपात. किल्ल्या बाईंच्या कमरेला. परत आलेलं पुस्तक त्या पानन् पान चाळत, वासही घेत. एकदा माझ्या पुस्तकात त्यांना चिवड्यातला शेंगदाणा सापडला होता, तेव्हापासून मी दिसलो की त्या आधी माझ्या खिशाकडे बघतात. लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला, आई-वडील गेले. उरलं ते हे वाचनालय, आणि त्याला कुणी हात लावणार तर नाही ना ही काळजी.

आणि त्या महिन्यात काळजीला सबळ कारण होतं. राज्यातल्या विद्यापीठांनी छापलेल्या पुस्तकांमधून एक निवड समिती शाळांना आणि सार्वजनिक वाचनालयांना उपयोगी पडतील अशी पुस्तकं निवडते, आणि त्यांचा संच मोजक्या ठिकाणी पाठवते. त्यात आमचं नाव लागलं होतं. लागलं म्हणजे काय, बाईंनी दोन वर्षं अर्ज करकरून लावून घेतलं होतं. विद्यापीठाची पुस्तकं ही एरवी विद्यापीठाच्याच गोदामात म्हातारी व्हायची. ती तालुक्याच्या गावात येणं म्हणजे मोठीच गोष्ट. भूजल, गवतं, जुनी नाणी, शेळ्यांचे आजार, मुलींचे खेळ. प्रत्येक पुस्तकावर निवडीची गोल चिकटपट्टी. अट एकच होती. समितीचा माणूस येऊन पुस्तकांची अवस्था बघणार. सगळं ठाकठीक असेल तर दरवर्षी नवा संच. एक जरी पुस्तक गहाळ किंवा खराब झालं, तर वाचनालयाचं नाव यादीतून कमी. बाईंची नोकरी संपायला फार दिवस राहिले नव्हते. जाताना हा संच चालू करून जायचा, एवढी एकच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी मला दोनदा बोलून दाखवली होती.

अशा वेळी अक्षरओळख नसलेली बाई येते आणि बरोबर त्याच संचातलं पुस्तक मागते. शंकेची पाल चुकचुकणार नाही तर काय?

"नाव?"

"गोजरबाई."

"गाव?"

"शिंगणापूर रोडला, वस्तीवर ऱ्हातो आमी."

"हे पुस्तक इथे आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

गोजरबाईंनी पदर सारखा केला. "कळलं असंच," एवढंच म्हणाल्या.

नाही म्हणता येईना, कारण नियमात बसत होतं. बाईंनी कुलूप काढलं, पुस्तक काढलं, आणि त्यांना थेट स्वतःच्या टेबलासमोर बसवलं. गोजरबाई अंगठ्याने एकेक पान उलटत गेल्या. मग एका पानाशी थांबल्या. नंतर तासभर पान उलटल्याचा आवाज आला नाही.

*

गोजरबाई दर बाजारच्या दिवशी यायला लागल्या. पिशवी पायरीवर, हात पुढे, तेच पुस्तक, तीच खुर्ची. मला वाटलं, असेल एखादीला हौस. सुमेधाबाई मात्र मला खिडकीशी घेऊन गेल्या आणि रस्त्यावर बोट दाखवलं. गोजरबाई एका टेम्पोत चढत होत्या.

"तो ड्रायव्हर ओळखलात?"

"नाही."

"छगन. गोजरबाईंचा मुलगा. नगरहून पुस्तकांचे खोके यानेच आणले होते."

मग मलाही आठवलं. खोके उतरवताना एक फुटला होता आणि पुस्तकं पायरीवर सांडली होती. ती गोळा करता करता छगन एक पुस्तक उघडून उभाच राहिला होता. "ओ, वाचायला नंतर या!" म्हणून बाईंनी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं होतं. तो काहीतरी विचारणार होता, पण बाईंचा चेहरा बघून टेम्पोकडे गेला.

"तो बघून गेला, आणि आता आईला पाठवतो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हातारीवर कोण संशय घेणार?"

"तुम्ही," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

खोके आले त्याच दिवशी बाईंनी सगळा संच शिक्के मारून नोंदवला होता. शिक्का पहिल्या पानावर असतोच, पण चोर पहिलं पान फाडून टाकतो. म्हणून वाचनालयांची जुनी पद्धत अशी, की आतलं एक ठरलेलं पान असतं, त्याला गुप्त पान म्हणतात. वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकात त्याच आकड्याच्या पानावर शिक्का असतो, आणि तो आकडा फक्त ग्रंथपालाला ठाऊक. पुस्तक कुठल्याही रद्दीत सापडलं तरी ते पान उघडलं की ओळख पटते. आमचं गुप्त पान कितवं हे मला पुढे कळलं, पण इथे सांगणार नाही. बाईंना आवडायचं नाही.

बाई शिक्के मारायला बसल्या की एखादं यंत्र चालावं तसा हात चाले. पान उघड, ठप्प, पान उघड, ठप्प. पानावर काय आहे हे बघायची गरज नसे. आकडा जुळला की झालं.

*

गोजरबाई पकडल्या गेल्या त्या दिवशी मीही तिथे होतो.

बाई आत कपाट लावत होत्या. गोजरबाईंनी पदराचं टोक जिभेला लावलं, ओलं केलं, आणि पुस्तकाच्या पानावर अगदी हलक्या हाताने घासायला लागल्या. मला ते दिसलं, पण मी काही बोलायच्या आत बाई मागून आल्या. त्यांनी पुस्तक झटक्यात ओढलं आणि पान बघितलं.

"गुप्त पान! गुप्त पानावरचा शिक्का पुसता तुम्ही? हे पान कोणी दाखवलं तुम्हाला? सांगा, कोणी सांगितलं?"

गोजरबाई उभ्या राहिल्या. त्यांना काही कळत नव्हतं हे मला दिसत होतं, पण बाईंना दिसत नव्हतं.

"शिक्का पुसायचा, मग पुस्तक न्यायचं, मग ते आमचं नाहीच म्हणायचं. किती दिवस चाललंय हे? चोरी म्हणतात याला!"

चोरी हा शब्द ऐकला आणि म्हातारीचा आवाज बदलला. "ताई, मला काय बी म्हना. पर चोरी म्हनू नका. माझं म्हायेर शिंगनापूरचं. आमच्या घराला दार न्हाई. माझ्या बापानं जल्मात कडी लावली न्हाई, आन् तुमी मला..."

गडबड ऐकून छगन रस्त्यावरून धावत आला. आईला बघितलं, बाईंच्या हातातलं पुस्तक बघितलं, आणि तोच भडकला.

"चोरी आमी केली व्हय? आधी तुमी काय केलं ते बघा की! मुद्दाम केलं तुमी. मी त्या दिवशी फोटू बघितला, तवा साफ हुता. माझ्या हातातनं वढून घेतलात आन् माझ्या बहिनीच्या तोंडावर शिक्का मारलात!"

सुमेधाबाईंनी पान पुन्हा बघितलं. मला वाटतं, ते पान म्हणून त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मीही मान वाकवून पाहिलं. कुठल्याशा देवळाच्या ओट्यावर मुली सागरगोटे खेळत बसल्या होत्या. मधल्या मुलीचा हात वर गेलेला, सागरगोटे हवेत. आणि हाताच्या मागे, जिथे चेहरा असायला हवा, तिथे आमच्या वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का. ओल्या पदराने तो थोडा फिस्कटला होता, एवढंच.

छगनचा राग उतरला तसं त्याने सांगितलं. त्याची थोरली बहीण पूजा कावीळ होऊन गेली, तेव्हा ती तिसरीत होती आणि तो अजून शाळेतही जात नव्हता. तिचा एकही फोटो घरात नाही. काढू, पुढच्या जत्रेत काढू, असं म्हणता म्हणता राहून गेलं. विद्यापीठाची माणसं गावात आली होती, खेळांची माहिती विचारत फिरत होती, ते आईला आठवत होतं. पण त्यांनी काढलेले फोटो पुढे कुठे गेले, कुणाला माहीत?

"मारुतीचा वटा आमचाच हाय," छगन म्हणाला. "फ्राक बी तिचाच वाटला मला. म्या घरी सांगितलं, आये, पूजी घावली. आन् तिला घेऊन आलो तर ह्ये असं."

"मग मला सांगायचं नाही का?" सुमेधाबाई कशाबशा म्हणाल्या.

गोजरबाई म्हणाल्या, "सांगितलं असतं आन् तुमी पुस्तकच काढून ठिवलं असतं तर? तुमचा काय भरवसा!"

बाईंवर आयुष्यात कुणी संशय घेतला नव्हता. तो त्यांच्याकडून बाहेर जायचा, आत येत नसे. त्या खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "जरा पाणी द्या हो." मी दिलं, तर त्यांनी तो पेला गोजरबाईंपुढे ठेवला.

*

नंतरचे काही दिवस वाचनालयात कापूस आणि स्पिरिटचा वास येत होता. बाईंनी एका रद्दीतल्या पुस्तकावर तोच शिक्का मारून तो काढायचे सगळे प्रयोग केले. शाई निघाली की खालचं चित्रही निघे. मग त्यांनी तालुक्यातल्या ज्या ज्या शाळांना संच मिळाला होता त्या सगळ्यांना फोन केले. "तुमच्याकडे ते पुस्तक असेल ना? अमुक पान बघा बरं." प्रत्येक ठिकाणाहून तेच उत्तर आलं: मुली आहेत, मधल्या मुलीवर शिक्का आहे. तालुक्यातल्या ग्रंथपालांचा वर्ग बाईंनीच घेतला होता, आणि गुप्त पानाचा आकडाही त्यांनीच शिकवला होता. सगळ्यांनी इमानाने तोच ठेवला. इतक्या जणांना माहीत असलेल्या पानाला गुप्त कसं म्हणायचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवशी फोन ठेवून बाई रडल्या. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो.

शेवटी त्यांनी समितीलाच फोन लावला आणि आपल्या हातून पान खराब झाल्याचं कबूल करून टाकलं. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाच सांगितलं म्हणून मला नवल वाटलं. पलीकडून राजस नावाचे प्राध्यापक बोलले. माणूस भला होता. म्हणाले, "मी पाहणीला येणारच आहे. येताना कोरी प्रत आणतो आणि खराब प्रत बदलून नेतो. तुमच्या नावाला काही बट्टा लागणार नाही."

बाईंनी गोजरबाईंना निरोप धाडला.

*

राजस सर आले ते बाजाराच्या दिवशीच. गोजरबाई आधीच येऊन बसल्या होत्या, शिक्क्याचं पान उघडून. त्या दिवशी त्या नवं लुगडं नेसल्या होत्या. छगन दारात उभा होता. सुमेधाबाईंनी कोरी प्रत दोन्ही हातांनी घेतली. खाकी कागदात नीट गुंडाळलेली होती. कागद काढला, पण पुस्तक उघडलं नाही. आधी आईने बघावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी ते गोजरबाईंसमोर ठेवलं.

"बघा. यावर शिक्का नाही."

गोजरबाईंनी पुस्तकावर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग त्यांनी ते हळूच बाईंकडे सरकवलं.

"नगं ताई."

"नको? अहो, तुमच्यासाठीच मागवलंय."

"छगन लई बारका हुता तवा. त्याला काय आठवतंय? तसल्या कापडाचे फ्राक निम्म्या गावच्या पोरींना हुते. एकाच ताग्यातनं घ्यायचो आमी समद्या." त्या उघड्या पानाकडे बघत बोलत होत्या. "हितं शिक्क्याखाली माझी पूजी हाय. इतके दिस येती मी, रोज तिचं तोंड आठवतं मला. आदी आठवत नव्हतं. आन् ह्या साफ पुस्तकात दुसरीच कुनाची निगाली तर? मग मी तिला कुठं हुडकू?"

"आये, बघ तरी," छगन म्हणाला.

"गप."

राजस सर सुमेधाबाईंच्या टेबलाशी कागद भरत होते. त्यांनी हे ऐकलं नव्हतं. वर बघून म्हणाले, "मॅडम, ती जुनी प्रत द्या. बदलून टाकू."

सुमेधाबाईंनी कोरी प्रत उचलली. ती आता त्यांच्याच हातात होती. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येक पुस्तक पानन् पान तपासल्याशिवाय कपाटात ठेवलं नाही, तिला एक पान उघडायला कितीसा वेळ लागणार होता? त्यांचा अंगठा पानांच्या कडेला गेलेला मी पाहिला. मग त्यांनी तो काढला, खाकी कागद पुन्हा गुंडाळला आणि प्रत सरांपुढे ठेवली.

"ही तुम्ही परत न्या. आमची आहे तीच राहू द्या."

"म्हणजे? फोन तर तुम्हीच केलात."

"हो. पण नको आता."

"अहो, पण ती खराब आहे. दाखवा तरी मला."

"वाचक बसलेत ते पुस्तक घेऊन. मध्ये उठवता येणार नाही."

मला वाटलं, आता त्या सगळं सांगतील. सांगितलं असतं तर सरांनी समजून घेतलं असतं. पण सांगायचं म्हणजे, ती मुलगी कदाचित पूजा नसेलही, हे त्या आईच्या समोर, परक्या माणसाला मोठ्याने सांगायचं. आणि मग त्या भल्या माणसाने मदत म्हणून कोरी प्रत तिथल्या तिथे उघडली असती. बाईंनी खाकी पुडकं सरांकडे आणखी सरकवलं.

राजस सरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे निरखून बघितलं. ती नजर मी चांगलीच ओळखत होतो. आम्ही सगळे सभासद त्याच नजरेखाली वाढलो होतो.

"किल्ल्या द्या," सर म्हणाले.

बाईंनी कमरेच्या किल्ल्या काढून दिल्या. सरांनी संचाचं कपाट उघडलं आणि एकेक पुस्तक काढून, झटकून, पानं चाळून बघितलं. फाटलं होतं का, पानं गेली होती का, काही विकलं होतं का. काहीच निघालं नाही, त्यामुळे त्यांचा संशय आणखी वाढला. सुमेधाबाई भिंतीशी हात बांधून उभ्या होत्या. मी उठून काहीतरी बोलणार होतो. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

सर पुन्हा टेबलाशी बसले आणि शेरा लिहिला. लिहिलेलं त्यांनी सरळपणे वाचूनही दाखवलं: एक पुस्तक निष्काळजीपणे खराब केले आहे, ते दाखवण्यास नकार, खुलासा दिला नाही, पुढील संचासाठी शिफारस करता येत नाही.

"मॅडम, तुम्ही आत्ता जरी बोललात तरी मी हे खोडतो."

"नाही सर. बरोबर लिहिलंय."

बाईंनी खाली सही केली. त्यांची सही वळणदार होती, आणि त्या दिवशीही तशीच आली. सर पायरीपर्यंत जाऊन एकदा मागे वळून बघून गेले. त्यांची गाडी निघून जाईपर्यंत बाई दारात उभ्या होत्या.

आत येऊन त्यांनी दिवा लावला, कारण खुर्चीवर आता अंधारलं होतं. गोजरबाई तशाच वाकून बसल्या होत्या. वर गेलेल्या त्या छोट्या हाताच्या कडेकडेने त्यांचं बोट फिरत होतं.

"बंद करायची येळ झाली का, ताई?"

"झाली," सुमेधाबाई म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. "तुमचं चालू द्या."